शनिवारचं उलटं वाचन

"दवाखान्यात लायब्ररी? पेशंट कादंबऱ्या वाचतात की काय?"

हा प्रश्न मला सासरच्यांनी विचारला, शेजाऱ्यांनी विचारला, रेशन कार्डाच्या ऑफिसातल्या कारकुनानेही विचारला. सुरुवातीला मी नीट समजावून सांगायचे. पुढे पुढे कंटाळा आला, तेव्हा "हो, ऑपरेशनच्या टेबलावर पडल्यापडल्या वाचतात," असं सांगून मोकळी व्हायला लागले. निम्म्या लोकांना ते खरंच वाटलं.

तर काम काय होतं, ते आता निवांतपणे सांगते. डॉक्टर परीक्षा पास होऊन बाहेर पडतो तेव्हा त्याच्याजवळ त्या दिवसापर्यंतची शिदोरी असते. दुसऱ्या दिवसापासून ती शिळी व्हायला लागते. जगात कुठे ना कुठे कोणीतरी एखादं औषध किंवा उपचार तपासून पाहत असतं आणि काय दिसलं ते वैद्यकीय नियतकालिकांत छापून येत असतं. पण सकाळपासून पेशंट बघून दमलेला डॉक्टर ते वाचणार कधी? त्याला नेमकं हवं ते शोधायचं, प्रत काढायची आणि त्याच्या हातात ठेवायची, हे माझं काम. मला वैद्यक येत नाही. साधा ताप आला तरी मी घाबरून डॉक्टरांना फोन करते. मला शोधता येतं, एवढंच.

पुण्यातल्या एका धर्मादाय रुग्णालयात, तळमजल्यावर, एक्स-रेच्या खोलीशेजारी माझी लायब्ररी होती. तेव्हा परदेशी अंक बोटीने यायचे. 'ताजं संशोधन' आमच्याकडे पोचेपर्यंत त्याचं बारसं होऊन ते रांगायला लागलेलं असायचं. तरीसुद्धा नवं पुडकं फोडताना मला दर वेळी दिवाळीचा फराळ उघडल्यासारखा आनंद व्हायचा.

गिऱ्हाइकं एकेक नमुनेदार. खडकीहून एक फॅमिली डॉक्टर स्कूटरवरून यायचे. डोक्यावर हेल्मेट! त्या काळी पुण्यात स्वखुशीने हेल्मेट घालणारा मी पाहिलेला तो एकमेव माणूस. ते काढायलाही त्यांना वेळ नसायचा. तसेच कपाटापाशी उभे राहून वाचायचे आणि "वा!" किंवा "छे!" एवढंच बोलून निघून जायचे. दुसरे एक होते, ते म्हणायचे, "बाई, तो लेख काढा ना, निळं कव्हर होतं बघा, मागे कधीतरी आला होता." आमच्याकडे निम्म्या अंकांची कव्हरं निळीच होती. पण तो लेख मी शोधून दिला, हे इथे नमूद करते. आपलं कौतुक आपण नाही करायचं तर कोणी करायचं?

आणि एक सर्जन होते. एकदा तणतणत आले. "उद्या मीटिंगमध्ये एकाचं तोंड बंद करायचंय. माझ्या बाजूचे लेख काढा."

"आणि विरुद्ध बाजूचे?"

"ते तो काढेल की! त्याची कामं तुम्ही कशाला करता?"

आमच्या कामाची शिस्त एकच. जे सापडेल ते सगळं द्यायचं. आवडतं ते वर आणि नावडतं ते गायब, असं करायचं नाही. मी त्यांना दोन्ही बाजूंचे लेख दिले. त्यांनी नको ते माझ्याच टेबलावर टाकून दिले. नेमके त्याच वेळी डॉ. दामले तिथे बसून वाचत होते. त्यांनी चष्म्यावरून सगळं पाहिलं.

दामले सर म्हणजे आमच्या बालरोग विभागाचे प्रमुख. उंच, सडपातळ, कपाळावर कायम आठी. बोलणं असं, की ऐकणाऱ्याला घरी गेल्यावर कळावं आपला अपमान झाला होता. सर्जन गेल्यावर ते मला म्हणाले, "अहो मेढेकरबाई, या माणसाला पुस्तक नकोय, आरसा हवाय." आणि पुढच्याच आठवड्यात त्यांनी एक नवा नियम काढला.

दर शनिवारी दुपारी लायब्ररीत डॉक्टर आणि मुख्य परिचारिका जमायच्या. चहा, कॅन्टीनचे बटाटेवडे आणि एका लेखावर चर्चा. सरांचा नियम असा, की ज्याला जी गोष्ट पटत नाही, तिच्या बाजूचा लेख त्यानेच वाचून दाखवायचा. नुसता वाचायचा नाही, तर त्या बाजूचं वकीलपत्र घेतलेला माणूस बोलेल तसा मांडायचा. आणि ज्यांना ती गोष्ट पटते, त्यांनी त्याला आडवे प्रश्न विचारायचे. कुठला लेख कोणाच्या वाट्याला द्यायचा ते मी ठरवायचं आणि गुरुवारी त्याच्या टेबलावर फाइल ठेवून यायचं. आम्ही याला 'उलटं वाचन' म्हणायचो.

सुरुवातीला सगळ्यांनी नाकं मुरडली. मग गंमत वाटायला लागली. सर्दीखोकल्याला सरसकट अँटिबायोटिक लिहिणारे एक डॉक्टर ती का देऊ नयेत यावर इतके रंगून बोलले, की सोमवारपासून त्यांचा हात आपोआप आखडला. ते सर्जनही एकदा स्वतःविरुद्ध बोलले. आवाज पडला होता, घाम फुटला होता, पण बोलले. माणूस दुसऱ्याचं ऐकत नाही, स्वतःचं मात्र ऐकतो, हे सरांनी बरोबर ओळखलं होतं.

सरांवर मात्र ही पाळी कधी आली नव्हती. एक तर ते भरपूर वाचायचे. आणि दुसरं म्हणजे, त्यांच्या टेबलावर ती फाइल ठेवायची कोणाची छाती होती?

आता नवजात विभागाबद्दल सांगते. तो दुसऱ्या मजल्यावर. कमी दिवसांची, कमी वजनाची बाळं तिथे काचेच्या पेट्यांत ठेवलेली असायची. ती खोली म्हणजे सरांचं देवघर आणि सर तिथले सर्वांत कडक सोवळ्यातले. चपला बाहेर, कोपरापर्यंत हात धुवायचे, आणि आयांना आत मज्जाव. आया बाहेरच्या मोठ्या काचेतून बाळ बघायच्या. दूध वाटीत काढून सिस्टरकडे द्यायच्या. उगाच नव्हतं हे. तरुणपणी सरांनी एका साथीत डोळ्यांदेखत बाळं जाताना पाहिली होती. तेव्हापासून त्यांनी ते दार लावून घेतलं होतं. बाहेरून आलेला प्रत्येक हात त्यांना जंतूंनी भरलेला दिसायचा.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मंडईत रशीदभाई तांबोळींकडून मी वर्षानुवर्षं फळं घेत आले. त्यांचा एक नियम होता. आंबा दाबून बघायचा नाही. कोणी बोट लावलं की ओरडायचे, "बाई, दाबू नका! मी देतो ते घ्या." मीही दर वेळी दाबायचे आणि दर वेळी ऐकून घ्यायचे. ते आमचं ठरूनच गेलं होतं.

त्या दिवशी मी आंबा दाबला आणि रशीदभाई काहीच बोलले नाहीत. दुसरा दाबला. तरी नाही. मी आंबा खाली ठेवला.

"काय झालं हो, रशीदभाई?"

त्यांची सून नसीम आमच्याच दवाखान्यात होती. दिवस पुरे व्हायच्या कितीतरी आधी तिला मुलगी झाली होती. तळहातावर मावेल एवढी. "बाई," रशीदभाई म्हणाले, "तुम्ही एवढ्या पुस्तकांत बसता. एवढंसं लेकरू कसं जगवायचं, कुठंतरी लिहिलेलं असेल ना?"

"मी डॉक्टर नाही हो."

"माहितीये. डॉक्टर म्हणतात, वाट बघू. ते वाट बघतायत, तुम्ही पुस्तकं तरी बघा."

मी त्याच दिवशी वर गेले. काचेपाशी नसीम उभी होती. विशीतली पोर, ओढणीचं टोक मुठीत घट्ट धरलेलं. मुख्य परिचारिका सिस्टर गायकवाड मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "श्वासाचं आता ठीक आहे, मेढेकरबाई. पण पेटीबाहेर काढलं की अंग गार पडतं. वजन धरत नाही. त्यात एक पेटी बिघडलीय, मुंबईहून दुरुस्तीवाला अजून आलेला नाही. एका पेटीत दोन-दोन बाळं ठेवलीत. सरांचा जीव टांगणीला लागलाय. एकाला काही झालं तर दोन्ही जातील. मोठ्या दवाखान्यांत विचारलं, तिथेही जागा नाही." मग हळूच म्हणाल्या, "आणि हिचं दूध आटत चाललंय. बाळाला हात लावायला मिळत नाही, दूध येणार कुठून?"

खाली आले आणि कामाला लागले. तेव्हा नुकताच आमच्याकडे संगणक आला होता. चकती घालायची, शब्द टाइप करायचा आणि जगभरच्या लेखांची नावं पडद्यावर यायची. पूर्वी ज्याला आठवडा लागायचा ते चहा होईपर्यंत व्हायचं. कमी वजनाची बाळं, ऊब, आई, असे शब्द फिरवून फिरवून टाकले. एकच गोष्ट पुन्हा पुन्हा वर यायला लागली. दक्षिण अमेरिकेत, कोलंबियात, पेट्या कमी पडल्या म्हणून डॉक्टरांनी बाळं आयांच्या छातीशी, उघड्या अंगाला अंग लावून बांधली होती. बाळं उबदार राहिली. कांगारूच्या पिशवीवरून त्याला नाव पडलं होतं.

नाव वाचलं आणि मला आठवलं. आमचे तरुण डॉक्टर निकम एकदा सरांपुढे हा विषय काढायला गेले होते. सर म्हणाले होते, "निकम, प्राणिसंग्रहालय पेशवे पार्कात आहे. इथे माणसांची बाळं असतात." निकमांनी कानाला खडा लावला होता.

त्यातले काही लेख आमच्याच कपाटात होते. बांधून, ओळीने लावून ठेवलेल्या जुन्या खंडांत. मी ते काढले. पानं एकमेकांना चिकटलेली होती.

मग मला मोह झाला. काही लेख म्हणत होते, उत्तम. पण दोन लेख असेही होते, की घाई नको, पाहिलेली बाळं थोडी आहेत, अगदी नाजूक बाळांना चालेल का ते अजून माहीत नाही. ते दोन मी बाजूला काढून ठेवले. खरं सांगते, परत खणात टाकावेसेच वाटत होते. डोळ्यांपुढे ती ओढणी धरलेली मूठ होती. सरांना शंकेला जागाच कशाला द्यायची? टेबलावर दोन वेगळे गठ्ठेही लावले. मग स्वतःवरच चिडले. त्या सर्जनच्या नावाने बोटं मोडणारी मी! दोन्ही गठ्ठे एकाच फाइलीत घातले आणि गुरुवारी सरांच्या टेबलावर नेऊन ठेवले.

चारच्या सुमारास बोलावणं आलं.

"हे काय आहे?"

"शनिवारचं वाचन, सर."

"माझ्याकडे?"

"आपल्याला पटत नाही ना. नियमाने आपल्याकडेच येतं."

"कोणाचा नियम?"

"आपलाच, सर."

सर माझ्याकडे बघत राहिले. मी जागची हलले नाही. त्यांनी फाइल उघडली, चाळली. ते दोन शंकेखोर लेख लागले तिथे थांबले. ते शांतपणे वाचले, मिटले आणि म्हणाले, "नुसतं गोडगोड आणलं असतंत तर फाइल तशीच परत पाठवली असती. जा तुम्ही."

शनिवारी लायब्ररीत पाय ठेवायला जागा नव्हती. सरांची पाळी आहे ही बातमी सगळीकडे पसरली होती. खडकीचे हेल्मेटवालेही चक्क खुर्चीवर बसलेले. सगळ्यांना वाटलं होतं, सर दोन टोमणे मारून विषय गुंडाळतील.

सर उभे राहिले आणि वकिली करायला लागले. इतकी सुरेख, की वडे गार झाले. आईचं अंग म्हणजे बाळाला गरज पडेल तशी ऊब देणारी पेटी आहे, म्हणाले, आणि ती बिघडली तर मुंबईहून माणूस बोलवावा लागत नाही. हशा झाला. सर हसले नाहीत. शंकेखोर लेखही त्यांनी वाचले. म्हणाले, "यांचं म्हणणं रास्त आहे. म्हणून ज्या बाळाचा श्वास स्थिर झालाय त्यालाच, आणि नजरेखाली."

निकमांना ही गोष्ट पटलेली, म्हणून नियमाने आडवा प्रश्न त्यांचा. बिचारे चाचरत उठले. "सर, जंतुसंसर्गाचं काय? आई बाहेरून येते..."

सरांनी इतकी वर्षं दिलेलं कारण त्यांच्याच पुढ्यात येऊन पडलं होतं.

"आईच्या अंगावर जे जंतू असतात," सर सावकाश म्हणाले, "त्यांच्याशी लढायचं बळ आईच्याच दुधात असतं. आपल्या हातांवरचे जंतू दवाखान्यातले. ते एका बाळाकडून दुसऱ्याकडे कोण नेतं? आई नाही नेत, निकम. आपण नेतो." आणि मग माझ्याकडे वळून विचारलं, "बाई, यातला सगळ्यात जुना लेख आपल्याकडे कधी आला?"

"बरीच वर्षं झाली, सर."

"कुठे होता?"

"इथेच. मागच्या कपाटात."

सरांनी त्या कपाटाकडे पाहिलं, मग दारातून दिसणाऱ्या जिन्याकडे. "दोन मजले," एवढंच म्हणाले. मला रडू फुटलं. सरांनी ते पाहिलं. "तुमचा दोष नाही. खाली येऊन मागायला हवं होतं ते मी." मग फाइल मिटून नेहमीच्या आवाजात म्हणाले, "मी माझ्याविरुद्धचा खटला जिंकलेला दिसतोय. सिस्टर, तांबोळींच्या सुनेला बोलवा. आत्ता."

नसीम दाराशी आली आणि थबकली. "आत? नको, मोठे डॉक्टर रागावतील."

"मोठे डॉक्टरच सांगतायत," सर म्हणाले. "हात धुवा आणि बसा."

मग ते आणि निकम पाठ करून उभे राहिले. सिस्टरनी बाळाला पेटीतून काढलं, डोक्याला टोपी घातली आणि नसीमच्या छातीशी ठेवून वरून मऊ धुतलेल्या साडीने दोघींना बांधून टाकलं. नसीम श्वास घ्यायलाही घाबरत होती. मी काचेबाहेर होते. शेजारी रशीदभाई, तेही काचेकडे पाठ करून, ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटत.

सर स्टूल ओढून समोर बसले. बाळाच्या चेहऱ्यावरून नजर हलवायला तयार नव्हते. थोड्या वेळाने म्हणाले, "थर्मामीटर लावा." सिस्टरनी लावला, वाचला.

"तापमान उतरलं नाही, सर."

"परत लावा."

"सर, वाढलंय."

"दुसरा आणा. हा बिघडला असेल."

दुसराही तेच म्हणाला. तेवढ्यात बाळाने तोंड इकडेतिकडे वळवलं, काहीतरी शोधत असल्यासारखं. आणि नसीम एकदम ओरडली, "सिस्टर, साडी भिजली!" आटत चाललेलं दूध आलं होतं. सिस्टर गायकवाड, ज्यांनी उभ्या आयुष्यात ड्यूटीवर डोळ्यांतून पाणी काढलं नव्हतं, त्या पदराने डोळे पुसायला लागल्या. सर उठून काचेपाशी आले. बाहेर आणखी दोन-तीन आया उभ्या होत्या, नेहमीसारख्या, काचेला बोटं लावून. सर त्यांच्याकडे बघत म्हणाले, "इतकी वर्षं मी यांना बाहेर ठेवलं हो, सिस्टर." त्यांचा तसा आवाज मी पुन्हा कधी ऐकला नाही.

पुढच्या आठवड्यात सरांनी स्वतःच्या घरची आरामखुर्ची नवजात विभागात आणून टाकली. मग आणखी खुर्च्या आल्या. सगळीच बाळं वाचली असं नाही. काही गेली. पण जी गेली ती आईच्या छातीशी असताना गेली, आणि त्या आया नंतर सरांना भेटायला यायच्या. पूर्वी कोणी येत नसे. पेट्या आजही आहेत, लागतातच. फक्त दार आता उघडं असतं.

नसीमची मुलगी हळूहळू वजन धरून घरी गेली. नाव सना. त्यानंतर मी मंडईत गेले आणि आंबा हातात घेतला, तोच रशीदभाई गरजले, "बाई, दाबू नका!" मला इतकं बरं वाटलं, की मी दुसराही दाबला.

पुढे काळ बदलला. अंक संगणकावर आले, मग फोनवर. हिंजवडीत नोकरी करणारी मुलं आजारी आईवडिलांना घेऊन येतात आणि डॉक्टरांना म्हणतात, "सर, मी रिसर्च केलाय." डॉक्टर कपाळाला हात लावतात. आता लेख शोधावे लागत नाहीत, लेखांचा पूर आहे. त्यातलं धड कुठलं आणि दोन्ही बाजूंचं कुठलं, हे बघायला मात्र अजून माणूसच लागतो. हे मी माझी नोकरी टिकावी म्हणून म्हणत नाही. मी निवृत्त झाले. आता खरं बोलायला हरकत नाही.

निवृत्तीचा कार्यक्रम माझ्या लायब्ररीतच झाला, शनिवारी दुपारी. दामले सर त्याआधीच निवृत्त झाले होते. काठी टेकत आले. रशीदभाई थकले होते, पण त्यांनी आंब्यांची पेटी पाठवली होती. ती घेऊन नसीम आली होती आणि तिच्याबरोबर सना. चांगली उंच, शाळेच्या कबड्डीच्या संघातली. सरांना वाकून नमस्कार करायला लागली तेव्हा सरांनी तिला नीट न्याहाळलं आणि म्हणाले, "अंग गार पडतं का अजून?"

मग निकम उभे राहिले. ते आता विभागप्रमुख. "आज शनिवार आहे," म्हणाले, "नियमाप्रमाणे वाचन उलटंच होणार." आणि सरांच्या हातात विषयाचा कागद दिला: 'दवाखान्याला आता ग्रंथपालाची गरज नाही.' बाजू मांडणार, डॉ. दामले.

सगळे हसून सरसावून बसले. सरांची वकिली ऐकायची होती ना. सर उठले. चष्मा लावला. कागद वाचला. एकदा सनाकडे पाहिलं, मग मागच्या कपाटाकडे. तोंड उघडलं आणि मिटलं.

"दोन वाक्यं सुचतायत," शेवटी म्हणाले, "आणि दोन्ही खोटी आहेत."

कागद घडी करून खिशात घातला आणि खाली बसले. स्वतःचा नियम त्यांनी मोडलेला मी तेवढा एकदाच पाहिला.